एक्सपी, सात, दहा आणि अकरा: एका छापखान्यातल्या चार संगणकांचे प्रकरण

तालुक्याच्या गावातला छोटा ऑफसेट छापखाना. लग्नपत्रिका, बिलबुके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तके, अधूनमधून एखादी स्मरणिका. अक्षरजुळणीला दोन ऑपरेटर, काउंटरवर एक माणूस, चार संगणक आणि त्यांवर विंडोजच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे समजल्यावर मालकांनी विचारले, "चारही मशीनवर अकरा टाकून घेतले की काम संपले ना?" चारपैकी तीन मशीन अकराला चालत नव्हती. त्यातल्या एकावर तर अकरा चालली असती तरी टाकून चालणार नव्हते, कारण छापखान्याचा वीस वर्षांचा मजकूर त्या मशीनवरच्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला होता.

आधी मशीन कोणती होती ते पाहू.

पहिले मशीन पेंटियम ड्युअल कोअर ई२१८०, २ जीबी डीडीआर२ रॅम, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. त्यावर पेजमेकर ७ (पानमांडणीचे सॉफ्टवेअर) आणि मराठी फॉन्टचे जुने सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक (विनापरवाना वापर रोखणारी छोटी किल्ली) मागच्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला लावलेले. लॉक काढले की मराठी टंकन बंद. दुसरे मशीन कोअर आय३-२१००, ४ जीबी रॅम, विंडोज ७ प्रोफेशनल, ३२ बिट. त्यावर कोरलड्रॉ आणि एक जुना फ्लॅटबेड स्कॅनर. तिसरे काउंटरचे, कोअर आय३-७१००, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्डडिस्क, विंडोज १०. बिलिंग, जीएसटी, ईमेल, गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो हे सगळे त्यावरच. चौथे कोअर आय५-८४००, एच३१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १० प्रो. ट्रेसिंग (प्लेट बनवण्यासाठीचा अर्धपारदर्शक कागद) काढायचा लेझर प्रिंटर याच मशीनला यूएसबीने जोडलेला आणि बाकीच्यांसाठी शेअर केलेला.

आवृत्तीचे नाव बाजूला ठेवून सीमा मोजणे

विंडोजच्या आवृत्त्यांची तुलना बहुतेक ठिकाणी स्टार्ट मेनूपासून सुरू होते. कामाच्या जागी तिचा उपयोग नसतो. एक्सपीपासून अकरापर्यंतच्या प्रवासात खऱ्या सीमा तीनच आहेत आणि तिन्हींची जात वेगळी आहे.

पहिली सीमा एक्सपी आणि व्हिस्टा यांच्यामधली. एक्सपी ऑक्टोबर २००१ ची, व्हिस्टा जानेवारी २००७ ची. आतला क्रमांक ५.१ वरून ६.० झाला आणि त्यासोबत परवानग्यांची पद्धतच बदलली. एक्सपीवर घरी आणि छोट्या ऑफिसात सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर असत. सॉफ्टवेअर आपल्या सेटिंग प्रोग्राम फाइल्समध्ये, विंडोजच्या फोल्डरमध्ये, हव्या तिथे लिहीत असे. व्हिस्टापासून तसे लिहायला परवानगी लागते. ड्रायव्हरची रचनाही त्याच वेळी बदलली. विंडोज ७ चा आतला क्रमांक ६.१ आहे. म्हणजे एक्सपीवरून सातवर जाणारा ही मोठी सीमा ओलांडतो, पण व्हिस्टावरून सातवर जाणाऱ्याला ती लागतच नाही.

दुसरी सीमा ३२ बिट आणि ६४ बिट यांच्यामधली. आवृत्ती एकच असली तरी ही सीमा मध्ये येते. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिट ड्रायव्हर बसत नाही, सही नसलेला कर्नल ड्रायव्हर चढत नाही आणि १६ बिट प्रोग्राम अजिबात चालत नाही. शेवटची अडचण अनेकांना उशिरा कळते, कारण सॉफ्टवेअर ३२ बिट असले तरी १९९० च्या दशकातल्या कित्येक सीडींवरचा इन्स्टॉलर १६ बिट असतो. सेटअपवर डबल-क्लिक केले की "हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही" एवढाच निरोप येतो आणि दोष सीडीवर जातो. ३२ बिट विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू शकत नाही आणि ग्राफिक्ससाठी राखलेली जागा वजा जाता त्यातलीही साधारण सव्वातीन जीबीच हाती लागते.

तिसरी सीमा दहा आणि अकरा यांच्यामधली, आणि ती सॉफ्टवेअरची नाही. दोन्हींचा आतला क्रमांक १०.० च आहे. ६४ बिट दहावर जे चालते ते जवळजवळ सगळे अकरावर चालते. अकरा अडते ती यंत्रावर: इंटेल आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय), यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली व्यवस्था) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क. अकराची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही, त्यामुळे ३२ बिट दहावरून येणारा दुसरी आणि तिसरी सीमा एकाच उडीत ओलांडतो.

या तीन सीमा चार मशीनवर लावून पाहिल्या आणि निर्णय आपोआप वेगळे झाले.

चौथे मशीन: सरळ वाटलेले काम

आय५-८४०० आठव्या पिढीचा. तरीही विंडोजच्या पीसी हेल्थ चेकने त्याला नापास केले. कारण प्रोसेसर नव्हता. विंडोज १० बसवताना बायोस जुन्या लेगसी पद्धतीत ठेवलेले होते, डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची होती आणि टीपीएम बंद होता. अशी मशीन गावोगावी आहेत आणि चांगले यंत्र "अकराला चालत नाही" म्हणून विकले जाते.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी जुन्या डिस्कची क्लोनझिलाने हुबेहूब प्रत ५०० जीबीच्या एसएसडीवर काढली आणि मूळ डिस्क काढून कपाटात ठेवली. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. रन खिडकीत एमएसइन्फो३२ लिहून सिस्टीम इन्फर्मेशन उघडले, 'बायोस मोड'समोर 'लेगसी' दिसले. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून, डिस्क यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी पद्धतीत बदलणारा एमबीआर२जीपीटी हा आदेश, त्यापुढे व्हॅलिडेट आणि अलाऊफुलओएस हे दोन स्विच. हे साधन विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आतच मिळते. तपासणी पास झाल्यावर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर तपासणी इथेच नापास होते, कारण नव्या ईएफआय पार्टिशनला जागा उरत नाही. अशा वेळी ब्रँडेड मशीनचे जुने रिकव्हरी पार्टिशन बॅकअप घेऊन काढावे लागते. बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू असेल तर आधी सस्पेंड करायचे.

रूपांतर झाल्यावरच बायोसमध्ये जायचे: सीएसएम (जुनी लेगसी पद्धत चालवणारी सोय) बंद, बूट यूईएफआय, सिक्युअर बूट चालू, आणि इंटेल बोर्डवर पीटीटी (इंटेलचे आतच असलेले टीपीएम) चालू. एएमडी बोर्डवर याच जागी एफटीपीएम असते. अनेक जण आधी बायोस बदलतात आणि मग "डिस्क गेली" म्हणून घाबरतात. डिस्क जागेवरच असते. यूईएफआयला एमबीआर डिस्कवरून सुरुवात करता येत नाही एवढेच. सीएसएम परत चालू केले की जुनी विंडोज जशीच्या तशी उठते.

रन खिडकीत टीपीएम.एमएससी लिहून 'स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०' दिसल्याची खात्री केली, रॅम १६ जीबी केली आणि अकराचे अपग्रेड चालवले. फाइली आणि सॉफ्टवेअर जागेवर राहिले. अपग्रेडनंतर १० दिवस मागे फिरता येते. त्या मुदतीत 'विंडोज.ओल्ड' फोल्डर साफ करायचे नाही, ही सूचना मशीनवर चिकटवून ठेवली.

प्रिंटर आणि शेअर फोल्डर

अपग्रेडनंतर बाकीची मशीन या मशीनला जोडेनात. अकरा बिघडलेली नव्हती. जुन्या सवयींना तिने दरवाजा बंद केला होता आणि त्यामागे कारणे आहेत.

शेअर फोल्डर 'एव्हरीवन'साठी, पासवर्डशिवाय उघडा होता. अकरा प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पाहुणा म्हणून शिरायची सोय मुळातच बंद आहे आणि एसएमबी (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) जोडणीला डिजिटल सही लागते. एक्सपीला तर फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती येते. ती विंडोज १० च्या १७०९ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये बसवलीच जात नाही. इंटरनेटवर "एसएमबी १ चालू करा, काम होईल" हा सल्ला जागोजागी मिळतो. काम होईलही. पण १२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला होता. ज्या मशीनवर पतसंस्थांचे अहवाल आणि गिऱ्हाइकांचे फोटो आहेत, तिथे हे दार उघडणे आम्हाला मान्य नाही.

उपाय साधा होता. अकरावर 'छपाई' नावाचे पासवर्डसह वेगळे लोकल खाते तयार केले, शेअर फोल्डरची परवानगी फक्त त्या खात्याला दिली आणि बाकीच्या नव्या मशीनवर तो पासवर्ड एकदा साठवला. एक्सपी नेटवर्कवरून कायमचे काढले.

प्रिंटरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. विंडोज ७ वरून शेअर प्रिंटर जोडताना ०एक्स०००००११बी हा एरर येत होता, आणि तो अपग्रेडच्या आधीपासून अधूनमधून येतच होता. छपाईच्या जोडणीतले एक भोक बुजवताना मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२१ पासून कडक सत्यापन सक्तीचे केले. प्रिंटर शेअर करणारे मशीन अद्ययावत आणि मागणारे मशीन अपडेट न झालेले सात असेल, तर दोघांची भाषा जुळत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक मूल्य शून्य करून हे टाळता येते आणि दुरुस्तीची दुकाने सर्रास तेच करतात. पण त्याने बुजवलेले भोक परत उघडते. इथे प्रिंटरच बदलला: नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडायचा, पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) समजणारा लेझर प्रिंटर घेतला. त्यामुळे कोणतीही दोन विंडोज एकमेकांशी प्रिंटरवरून बोलायचीच थांबली. जुना यूएसबी प्रिंटर फेकला नाही, तो कुठे गेला ते पुढे येईल.

तिसरे मशीन: एका पिढीने हुकलेले

आय३-७१०० सातव्या पिढीचा. दोन कोअर, पीटीटीची सोय, यूईएफआय बोर्ड, सगळे असूनही अकराच्या यादीत नाही. पहिला विचार आला तो प्रोसेसर बदलण्याचा, कारण सातव्या आणि आठव्या पिढीचे सॉकेट दोन्हीकडे एलजीए ११५१. इथे फसगत होते. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. एच११० किंवा बी२५० बोर्डवर आय३-८१०० बसतो, पण चालत नाही. बोर्ड बदलणे म्हणजे अर्धे मशीन नवे घेणे.

दुसरा मार्ग रजिस्ट्रीतून तपासणी टाळून अकरा चढवण्याचा. या प्रोसेसरवर अकरा चालते. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हाताने ढकलावी लागते. घरच्या प्रयोगाला ठीक. ज्या मशीनवरून जीएसटी भरले जाते त्याला नको. (पेंटियम ई२१८० वर तर हा मार्गही बंद आहे. २४एच२ ला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ च्या सूचना लागतात आणि त्या नसतील तर ती सुरूच होत नाही.)

तिसरा मार्ग वाढीव सुरक्षा अपडेटचा. वैयक्तिक वापरासाठीची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. व्यवसायांसाठीचा दर पहिल्या वर्षी प्रतिमशीन ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्या पैशांत आठव्या किंवा पुढच्या पिढीचे चांगले नूतनीकृत मशीन येते. आमच्या मते ही योजना अशा जागी घ्यावी जिथे एखादे महागडे यंत्र विंडोज १० शिवाय हलतच नाही. बिलिंगच्या मशीनसाठी ती घेण्यात अर्थ नाही.

म्हणून बिलिंग आणि जीएसटीसाठी अकरा बसवलेले नवे छोटे मशीन घेतले आणि आय३-७१०० वर २४० जीबीची एसएसडी टाकून लिनक्स मिंट २२ बसवले. काउंटरचे काम ब्राउझर, ईमेल, फोटो आणि पीडीएफ यांपलीकडे जात नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आत असतो आणि युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी सामाईक अक्षरपद्धत) देवनागरी नीट दिसते. अकराच्या शेअर फोल्डरला ते 'छपाई' खात्याने बिनतक्रार जोडले गेले.

या मशीनबद्दल एक जुनी तक्रार होती: "एक्सपी याहून पळायचे." तक्रार खरी होती. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसे. दहा आणि अकरा मागे सतत अपडेट, इंडेक्सिंग आणि डिफेंडरची तपासणी चालवतात. ही सगळी बारीक, तुटक वाचने असतात, आणि फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभरेकच तुटक वाचने करू शकते. एक्सपी मागे इतके काही करतच नसे. दहा किंवा अकरा फिरत्या डिस्कवर चालवून तिच्या वेगाबद्दल मत बनवू नये. उलट, एक्सपीला एसएसडीचे ट्रिम (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवणारी सूचना) येत नाही आणि तिची पार्टिशने ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतात. म्हणून एसएसडीचा पुरता फायदा सातपासून पुढेच मिळतो.

नव्या मशीनवर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी केल्या. २४एच२ पासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नवे इन्स्टॉल झाले की डिस्क आपोआप कूटबद्ध होते, होम आवृत्तीतही. बोर्ड किंवा टीपीएम बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की खात्यात साठलेली असते, आणि खाते बहुधा मशीन बसवणाऱ्या पोराच्या ईमेलवर असते. की कागदावर छापून बिलांच्या फाइलमध्ये ठेवली आणि खाते मालकांच्या नावे केले. दुसरी गोष्ट, वनड्राइव्हने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःकडे ओढून घेतले होते. मोफत जागा ५ जीबी, ती भरायला दोन स्मरणिका पुरतात. शिवाय फोल्डरचा मार्ग बदलतो आणि लेआउटमध्ये लिंक केलेली चित्रे हरवतात. फोल्डर बॅकअप बंद केला आणि कामाच्या फाइली डी ड्राइव्हवर 'कामे' या एकाच फोल्डरात आणल्या.

पहिले आणि दुसरे मशीन: लॉक कुठे चालते

प्रकरणाचा गाभा इथे आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. मशीनचा बोर्ड जुना, कपॅसिटर फुगायला लागलेले, घड्याळाची सीआर२०३२ बॅटरी संपल्याने तारीख रोज मागे जाणारी. पण २००४ पासूनच्या पेजमेकरच्या फाइली त्यावर, आणि लॉकला पॅरलल पोर्ट हवे.

पहिली सूचना आली ती यूएसबी-पॅरलल केबलची. ती चालत नाही. त्या केबलला विंडोज 'यूएसबी प्रिंटर' म्हणून ओळखते आणि त्यातून फक्त छपाई जाते. लॉकचे सॉफ्टवेअर मात्र थेट ३७८ या जुन्या पत्त्यावरच्या पोर्टशी बोलते. पीसीआय एक्सप्रेसचे पॅरलल कार्ड खरे पोर्ट देते, पण त्याचा पत्ता वेगळा असतो आणि जुने सॉफ्टवेअर तिकडे पाहत नाही. अकराच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) एक्सपी चालवणे हा चांगला उपाय आहे, पण खरे पोर्ट नसेल तर लॉक तिथेही सापडत नाही. (लॉक नसलेल्या कामासाठी हा मार्ग धरायचा असेल तर व्हर्च्युअल मशीनची डिस्क आयडीई कंट्रोलरला लावावी. साटा-एएचसीआयला लावली की ०एक्स७बी या क्रमांकाची निळी स्क्रीन येते, कारण एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. नेटवर्क कार्ड काढून टाकावे.)

उत्तर शेजारच्या टेबलावर होते. आय३-२१०० च्या एच६१ बोर्डवर पॅरलल पोर्ट होते, आणि त्यावरची विंडोज ७ ३२ बिट होती. म्हणजे एक्सपीवरून तिकडे जाताना पहिली सीमा ओलांडायची होती, दुसरी नाही. सही नसलेला ३२ बिट ड्रायव्हर तिथे इशारा देऊन बसतो. लॉकचा ड्रायव्हर बसला. ६४ बिट सातवर तोच ड्रायव्हर अडला असता.

उरला तो परवानग्यांचा प्रश्न. पेजमेकर प्रोग्राम फाइल्समध्ये बसवल्यावर चालला, पण एका ऑपरेटरने केलेले सेटिंग दुसऱ्याला दिसेना. पेजमेकर आपल्याच फोल्डरात लिहायला जातो, विंडोज ते लेखन गुपचूप त्या-त्या युजरच्या ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात वळवते. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केले की हे थांबते, पण मग एक्सप्लोररमधून चित्र ओढून पेजमेकरमध्ये टाकता येत नाही आणि मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाहीत, कारण जास्त अधिकाराचा प्रोग्राम आणि साधा एक्सप्लोरर यांच्यामध्ये विंडोज भिंत घालते. ऑपरेटर या दोन्ही गोष्टी दिवसभर करतात. शेवटी पेजमेकर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर 'पीएम७' या फोल्डरात बसवला, आणि त्या फोल्डरावर युजर्स गटाला 'मॉडिफाय' परवानगी दिली. ॲडमिनिस्ट्रेटरची गरज उरली नाही. जुनी सॉफ्टवेअर सातपासून अकरापर्यंत कुठेही बसवायची असतील तर हीच पद्धत आम्ही आधी सुचवतो. कंपॅटिबिलिटी टॅब त्यानंतर.

मग सातही नेटवर्कवरून काढले. तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोमची १०९ ही तिच्यासाठी शेवटची आवृत्ती. जुना यूएसबी प्रिंटर आणि स्कॅनर तिला थेट जोडले. एक्सपीच्या डिस्कच्या दोन प्रती काढून मशीन सुटे भाग म्हणून ठेवले.

सात आणि अकरा यांच्यातली ये-जा आता फक्त एका ठरलेल्या पेनड्राइव्हने होते. तो एफएटी३२ ठेवलेला नाही, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस केला आहे. सातवरून आलेला पेनड्राइव्ह अकराच्या डिफेंडरने तपासल्याशिवाय उघडायचा नाही.

अडकलेला मजकूर

जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' अक्षर म्हणून साठलेला नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. म्हणून फॉन्ट नेला की मजकूर दिसतो, नाही नेला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

हे फॉन्ट अकरावरही बसतात, पण तीन जागी घोटाळे होतात. विंडोज १० च्या १८०९ पासून फॉन्टवर 'इन्स्टॉल' दाबले तर तो फक्त त्या युजरसाठी, ॲपडेटामध्ये बसतो. विंडोजचे फॉन्ट फोल्डर थेट चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सापडत नाही. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडायचे. दुसरे, रिजनच्या सेटिंगमध्ये 'बीटा: युनिकोड यूटीएफ-८ वापरा' असा एक चौकोन आहे. मराठी नीट दिसावे म्हणून तो टिकला जातो आणि जुन्या फॉन्टचा ८ बिट मजकूर त्याच क्षणी फुटतो. तो रिकामाच ठेवायचा. तिसरे, जुना मजकूर वर्डमध्ये चिकटवला की ऑटोकरेक्ट सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करते, वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करते. जुन्या फॉन्टमध्ये ही चिन्हे म्हणजे मराठी अक्षरांचे भाग असतात, त्यामुळे मधलीच अक्षरे बदलतात आणि प्रूफ वाचणाऱ्याला कारण कळत नाही.

उलट दिशेला वाट नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, नवा मजकूर त्यात चिकटवला की प्रश्नचिन्हे उमटतात. एक्सपीच्या मंगल फॉन्टमध्ये 'ॲ' नाही, कारण ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. रुपयाचे '₹' चिन्ह जुलै २०१० मध्ये मंजूर झाले. सातला ते अपडेटने मिळाले, एक्सपीला मिळाले नाही. दहापासून मंगल फॉन्टही पूरक देवनागरी फॉन्टच्या पर्यायी संचात गेला, त्याचे काम निर्मला यूआय करते. जुन्या वर्ड फाइलीत मंगल मागितलेला असेल तर ओळी हलतात. 'ऑप्शनल फीचर्स'मधून तो संच घ्यावा लागतो.

ठरवलेली पद्धत अशी. प्रत्येक जुन्या कामाची दोन रूपे ठेवायची. पहिले, फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ, सातवरच पोस्टस्क्रिप्टमधून काढलेली. ती कुठेही हुबेहूब दिसते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही. दुसरे, युनिकोड मजकूर. पेजमेकरच्या एक्सपोर्टने साधी टेक्स्ट फाइल काढायची, ती मध्ये कशातही उघडून सेव्ह करायची नाही (अकराचे नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करते), आणि त्या विशिष्ट फॉन्टच्या परिवर्तकातून (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून) काढायची. एका फाइलीत मथळ्याला एक आणि मजकुराला दुसरा फॉन्ट असेल तर दोन्ही वेगळे एक्सपोर्ट करायचे, नाहीतर मथळे निरर्थक होतात.

परिवर्तनानंतरचे प्रूफ नेहमीसारखे वाचून भागत नाही. चुका ठरावीक जागी लपतात: 'सर्व्हिस'सारखे रफार असलेले जोडाक्षर, 'किंवा'मधली वेलांटी आणि अनुस्वार एकत्र, 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ, 'श्र' आणि 'श्च', आणि अंक. पतसंस्थेच्या ताळेबंदात दशांश बिंदूच्या जागी पूर्णविरामाचे दुसरेच चिन्ह आलेले होते. म्हणून अहवालांचे आकडे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहायचे, पडद्यावरच्या पीडीएफशी नाही.

नवे काम अकरावर इनडिझाइनमध्ये, युनिकोड फॉन्टमध्ये सुरू झाले. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडलेला नसेल तर जोडाक्षरे फुटतात. तो टेम्प्लेटमध्येच पक्का केला. इनडिझाइनची सीएस६ आवृत्ती पेजमेकरच्या फाइली उघडते, नंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत. ज्यांच्याकडे सीएस६ नाही त्यांनी लिबरऑफिस ड्रॉमध्ये '.पी६५' किंवा '.पीएमडी' फाइल उघडून पाहावी. मांडणी विस्कटते, पण मजकूर बहुधा बाहेर काढता येतो.

एका ऑपरेटरची हाताची सवय जुन्या टाइपरायटर कळफलकाची. दहाच्या १९०३ पासून विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कळफलकही आला आहे, पण पानेच्या पाने जुळवणाऱ्याला तो संथ पडतो. इनस्क्रिप्टचा सराव पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत सुरू केला. वर्गणीच्या पावत्यांची घाई लागण्याआधीचे ते आठवडे होते. तोवर तातडीची कामे सातवरच होत राहिली.

परिवर्तनाचा क्रम कामाच्या वर्षावर नाही, पुन्हा लागण्यावर लावला आहे: आधी पतसंस्थांचे अहवाल आणि दरवर्षी येणारी बिलबुके, मग पत्रिकांचे नमुने, स्मरणिका शेवटी. सातचे मशीन बंद करायची तारीख ठरवलेली नाही, अट ठरवली आहे. सलग एका लग्नसराईत एकही पेजमेकर फाइल उघडावी लागली नाही की लॉक काढून ठेवायचे. अकराच्या मशीनवर मात्र तारीख आहे. २४एच२ प्रोची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्याआधी २५एच२ चढवायची, आणि चढवण्याच्या आदल्या दिवशी डिस्कची नवी प्रत.